खिडकीजवळचं दोघांचं टेबल

नोव्हेंबरातल्या शेवटच्या रविवारी डेन्झिल ट्रेवेला बसमधून ट्रेव्हॅनिक हाउस या जुन्या बड्या घरातल्या हॉटेलच्या फाटकापाशी उतरला, तेव्हा त्याच्यापुढे काम एकच होतं. आत जाऊन जेवायचं, आणि जेवताना एक गोष्ट बोलून टाकायची. उतरताना सवयीने तो ड्रायव्हरला "थँक यू" म्हणाला. ड्रायव्हरने हात वर केला आणि बस धुक्यात शिरली.

फाटकापासून घरापर्यंत मैलभर रस्ता होता. दोन्ही बाजूंना बीच जातीची झाडं, खाली कुजलेल्या पानांचा थर. माळावरून उतरलेलं धुकं इतकं दाट होतं की स्वतःच्या पावलांचा आवाजही मागून कुणीतरी चालल्यासारखा येत होता. अंगातला कोट शेजारच्याकडून मागून आणलेला होता. बाह्या मनगटाच्या वर चार बोटं. टाय तर त्याने तीनदा बांधला होता, तीनदा सोडला होता, आणि शेवटी वैतागून खिशात कोंबला होता. हात मात्र लपवता येत नव्हते. दगडाच्या भिंती रचणाऱ्याचे हात ते. नखांच्या कडेला कायमची माती.

आज तो एकवीस वर्षांचा झाला होता. आणि वाढदिवसाच्या जेवणाचं इथलं टेबल त्याच्यासाठी त्याच्या बहिणीने, मॉर्वेनाने, सप्टेंबरातच राखून ठेवलं होतं. तिला सगळे वेना म्हणत. तेवीस दिवसांपूर्वी वेना शाळेच्या स्वयंपाकघरात पळीने कस्टर्ड ढवळता ढवळता खाली बसली, आणि पुन्हा उठली नाही. एकतीस वर्षांची होती.

आई घर सोडून गेली तेव्हा डेन्झिल चार वर्षांचा होता, वेना चौदाची. सोळाव्या वर्षापासून ती याच ट्रेव्हॅनिकच्या मोरीत भांडी घासायला लागली. सहा वर्षं मागच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर. "एक दिवस आपण पुढच्या दाराने जाऊ, डेन्झ," असं ती म्हणायची. "बसू, आणि दुसरं कुणीतरी आपल्याला वाढेल."

टेबल राखून ठेवल्याचं हॉटेलचं पत्र फ्रिजवर लोहचुंबकाखाली होतं. डेन्झिलने पंधराव्या वर्षीच शाळा सोडली होती. ते चार ओळींचं पत्र त्याने दोनदा बोट ठेवून वाचलं. मग ठरवलं, जायचं. दफनाच्या दिवशी पाद्रीबाबा म्हणाले होते, "आता मॉर्वेनाचा भाऊ दोन शब्द बोलेल." तो उठला, आणि दोन शब्द न बोलता सरळ चर्चबाहेर गेला. फाटकाला अशी लाथ घातली की बिजागरी निसटली. बोलायचं होतं ते फार थोडं होतं. सतरा वर्षं तिने त्याला वाढवलं, आणि बसड्रायव्हरपासून दार धरून उभ्या राहणाऱ्या परक्यापर्यंत सगळ्यांना थँक यू म्हणणाऱ्या या पोराने तिला ते एकदाही म्हटलं नव्हतं. ते आज म्हणायचं. तिच्या टेबलावर बसून.

ट्रेव्हॅनिकच्या दिवाणखान्यात शेकोटी पेटलेली होती. ओल्या कुत्र्याचा, कोळशाच्या धुराचा आणि लाकडाला लावलेल्या मेणाचा वास. पंधरा-वीस माणसं शेरी या गोडसर वाइनचे छोटे पेले हातात धरून हळू आवाजात बोलत होती. डेन्झिल आत आला तशी ती बोलायची थांबली नाहीत, फक्त आवाज जरा खाली गेला.

मिस्टर पॉबजॉय पुढे आले. इथले मुख्य वाढपी. पांढरा कोट, पांढरे केस, चालताना पायांचा आवाज नाही.

"ट्रेवेला. दोघांसाठी. एक वाजता," ते नोंदवही न बघताच म्हणाले. मग त्याच्या मागे दाराकडे पाहिलं. "आणि मिस ट्रेवेला, सर?"

डेन्झिलने तोंड उघडलं. नेमकं तेव्हाच सगळीकडे शांत झालं. कुणाच्या तरी पेल्यात बर्फ हलला. ती गेली, असं सांगायचं म्हणजे या सगळ्यांनी पेले खाली ठेवायचे, माना कलत्या करायच्या, आणि एकेकाने येऊन सॉरी म्हणायचं. रविवारच्या जेवणाआधी, लोकांच्या शेरीत, असलं काही ओतायचं नसतं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. या मुलुखात ते दुधाबरोबर पोटात जातं.

"येतेय ती," तो म्हणाला. "थोडा उशीर होईल."

पॉबजॉयनी त्याच्याकडे गरजेपेक्षा क्षणभर जास्त पाहिलं.

"अर्थातच, सर."

टेबल जेवणाच्या दालनात, खिडकीजवळ होतं. काचेला धुकं असं चिकटलं होतं की बाहेरची हिरवळ, तळं, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. दुपारचा एक वाजला होता तरी दिवे लावावे लागले होते. दोन ताटल्या, दोन पेले, दोन घड्या घातलेले नॅपकिन. समोरची खुर्ची रिकामी.

पाण्याचा जग घेऊन आली ती टॅमसिन. शाळेत त्याच्या दोन वर्गांनी मागे होती.

"डेन्झिल ट्रेवेला, तू? आणि वेळेवर?" ती पुटपुटली. "आज कॅलेंडरवर खूण करायला हवी."

"गप. टाय लागतो का इथे?"

"लागत नाही. पण केस विंचरलेले लागतात." तिने हसायचा प्रयत्न केला, पण डोळे लाल होते. ते त्याने पाहिलं नाही. तो कधी काही पाहतच नाही, असं वेना म्हणायची.

टॅमसिन गेली. दूर कुठेतरी वाढायच्या ढकलगाड्याचं एक चाक किरकिरत होतं. दालनात माणसं येऊन बसत होती. पॉबजॉय एका टेबलावरून दुसऱ्यावर जात होते, प्रत्येक ठिकाणी खाली वाकून काहीतरी सांगत होते. आज काय ताजं आहे ते सांगत असतील, असं डेन्झिलला वाटलं.

मग ते त्याच्या टेबलाशी आले. समोरची खुर्ची मागे ओढली. थांबले. एखादी बाई स्कर्ट सावरून बसेल एवढा वेळ थांबले, आणि खुर्ची हलकेच पुढे सरकवली. नॅपकिनची घडी मोडून हवेत, मांडी असावी तिथे, अंथरल्यासारखी केली.

"आलात, बरं झालं, मिस ट्रेवेला," ते म्हणाले. "धुकं फार आहे आज."

डेन्झिलच्या मुठी वळल्या. थट्टा करतोय का म्हातारा? एरवी त्याने आधी ठोसा घातला असता आणि मग विचार केला असता. पण पॉबजॉयचा चेहरा थट्टेचा नव्हता. ते खुर्चीकडे पाहत होते, आणि त्यांची नजर जिथे थांबली होती तिथे... बरोबर तिथे, बसलेल्या वेनाचा चेहरा आला असता.

गाडा किरकिरत आला. पॉबजॉयनी चांदीचं झाकण उचललं आणि भाजलेल्या बीफचा वास वाफेबरोबर वर आला. सुरी धार लावायच्या पोलादी कांबीवर दोनदा घासली.

"तुम्हाला आतला गुलाबी काप, सर. आणि मिस ट्रेवेलांना बाहेरचा. करपलेला. नाही का?"

वेनाला करपलेला बाहेरचा काप आवडायचा. ते खरं होतं. डेन्झिलने पॉबजॉयकडे वर पाहिलं.

दोन्ही ताटल्या भरल्या. भाजलेले बटाटे, कोबी, टोपीसारखं फुगलेलं खारं यॉर्कशायर पुडिंग, वरून ग्रेव्ही. समोरच्या ताटलीतून वाफ सरळ वर चढत होती. तिच्यामागे कुणी नव्हतं. फक्त खुर्चीची पाठ.

"माफ करा हं," शेजारच्या टेबलावरून एक म्हातारी बाई वाकून म्हणाली. मिसेस कार्लियन, नवरा निवृत्त न्यायाधीश, दर रविवारी इथेच जेवणारे. "तुमच्या बहिणीला त्या खिडकीतून गार वारा लागतोय. माझी शाल देऊ का तिला?"

 बाईंनी स्वतःच उठून शाल त्या खुर्चीच्या पाठीवर घातली आणि दोन्ही टोकं पुढे आणून नीट केली.

"गार होतंय पोरी, खा," न्यायाधीश म्हणाले. त्याला नाही. खुर्चीला.

पलीकडच्या टेबलावरच्या एका जाड्या गृहस्थाने पेला उचलून तिच्या दिशेने मान लववली. दारापाशी एक बाई जाता जाता थबकली आणि त्या खुर्चीकडे पाहून ओळखीचं हसली. सगळ्या दालनात काट्या-चमच्यांचा आवाज मंद झाला होता. सगळ्यांच्या नजरा एकाच जागी होत्या.

सगळ्यांना दिसत होती. त्याला सोडून, सगळ्यांना.

डेन्झिलने डोळे ताणून पाहिलं. शाल. लाकूड. धुकं.  टॅमसिन ग्रेव्हीचं भांडं घेऊन आली तेव्हा त्याने तिचं मनगट पकडलं.

"टॅम... तुला दिसतेय ती?"

टॅमसिनने ओठ चावला. खुर्चीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हो," ती म्हणाली.

"काय करतेय?"

"तुझ्याकडे बघतेय."

"रागावलीय?"

"नाही रे, वेड्या... खात नाहीये. थांबलीय. तू काहीतरी बोलशील म्हणून थांबलीय बहुतेक."

मनगटावरची त्याची बोटं एकेक करून सुटली. टॅमसिन भांडं तिथेच विसरून मागे सरकली.

डेन्झिल टेबलाच्या कडेला दोन्ही हात धरून बसला.  मग तो बोलायला लागला, आधी इतक्या हळू की त्याला स्वतःलाच ऐकू येत नव्हतं.

"वेना... ते फॉइल आठवतं का तुला? मी बारा वर्षांचा होतो. तू इथून उरलेलं बीफ आणायचीस, चांदीच्या कागदात. पावसात, सायकलवर. एकदा मी ते भिंतीवर फेकलं. म्हटलं, मी काय कुत्रा आहे उष्टं खायला. तू काही बोलली नाहीस. उचललंस, धुतलंस, आणि दुसऱ्या दिवशी ते सारण भरून करंजीसारख्या पेस्ट्या भाजल्यास. मी तीन खाल्ल्या. तीन, वेना. आणि सॉरी म्हटलं नाही. थँक यू म्हटलं नाही."

आता त्याचा आवाज वाढला होता. दालनात कुणी चावतही नव्हतं.

"शाळेचे बूट तू आणलेस. मी शाळा सोडली तर शाळेत जाऊन तूच हेडमास्तरशी भांडलीस. मी त्या गॅरीचं नाक फोडलं तेव्हा पोलीसचौकीत रात्रभर बाकावर बसलीस. तुझं लग्न राहिलं माझ्यापायी, मला माहीत आहे, मी मूर्ख असेन पण आंधळा नाही. म्हणजे... आंधळाच होतो. थँक यू. ऐकतेयस ना? थँक यू, वेना. सगळ्याबद्दल. सगळ्या सगळ्याबद्दल."

तो थांबला. घड्याळाचा टकटक आवाज तेवढा उरला.

"ऐकलंस का?"

काही नाही. समोर करपलेला काप होता तसाच होता, अख्खा. वाफ संपली होती. ग्रेव्हीवर साय धरायला लागली होती.

"वेना... ऐकलंस का गं?"

तो एकदम उठला. त्याची खुर्ची मागे आपटली. कुणाकडे न पाहता तो दालनातून, दिवाणखान्यातून, पुढच्या दारातून बाहेर गेला आणि ओसरीच्या थंड दगडी पायरीवर बसला. लहान पोरासारखा हुंदके देत.

किती वेळ गेला कोण जाणे. टॅमसिन येऊन शेजारी बसली. तिने आपला कोट त्याच्या खांद्यांवर टाकला.

"डेन्झ, ऐक. मारणार नाहीस ना?"

"कुणाला?"

"मला. किंवा पॉबजॉयना. कुणालाच." तिने श्वास घेतला. "कुणाला काही दिसत नव्हतं रे."

तो पायरीवर तिच्याकडे वळला.

"वेना गेली हे मिस्टर पॉबजॉयना माहीत होतं, दारात नुसतं सवयीने विचारलं त्यांनी. स्वयंपाकघरातून फुलं पाठवली होती आम्ही. तिला करपलेला काप लागतो, हेही ती इथे होती तेव्हापासून ठाऊक त्यांना. तू दारात म्हणालास ना, येतेय ती म्हणून? तर ते आत गेले, दोन मिनिटं भांड्यांच्या कपाटाला तोंड करून उभे राहिले, आणि मग प्रत्येक टेबलावर जाऊन सांगितलं. त्या मुलाची बहीण गेलीय. तो म्हणतो ती येतेय. तर कृपा करून, आज ती आलीय असं समजा."

"आणि ते... सगळे..."

"न्यायाधीशसाहेब म्हणाले, पोरगा म्हणतो येतेय, तर येतेय. पुरावा कसला मागायचा. मिसेस कार्लियन सूपमध्ये रडत होत्या. आणि तो जाड्या माणूस तर इथला नाहीच, लंडनहून आलाय, नुसता जेवायला. टेबलावर बसेपर्यंत त्याने नुसत्या तक्रारी केल्या होत्या."

"माझी टिंगल केली नाहीत तुम्ही?"

"गाढवा," टॅमसिन म्हणाली, आणि तिलाच रडू फुटलं.

डेन्झिलला आधी राग आला, सवयीने. तो राग कुठे टाकायचा ते कळेना, म्हणून तो तसाच विरघळला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी वर आलं. या लोकांच्या शेतांच्या भिंती त्याने रचल्या होत्या. त्यांच्या गाड्यांनी उडवलेला चिखल झेलला होता. आणि ही दालनभर माणसं रविवारचं बीफ गार होऊ देऊन, त्याच्यासाठी, एका रिकाम्या खुर्चीला शाल पांघरत होती. तो हसला. नाक पुसत हसला.

"भारी लोक आहेत यार," तो म्हणाला. मग हसू थांबलं. "पण मग तिने ऐकलं नाही, टॅम. मी बोललो ते सगळं. तिथे कुणी नव्हतंच."

टॅमसिनने बाहीने डोळे पुसले. 

एवढं मात्र त्याला कळलं, की जे आहेत त्यांना तरी वेळेवर म्हणावं. तो उठून आत गेला. मंडळी कॉफीसाठी शेकोटीपाशी बसली होती. तो एकेकासमोर जाऊन उभा राहिला. मिसेस कार्लियनना म्हणाला. न्यायाधीशांना म्हणाला, त्यांनी खोकल्यासारखं करून हात घट्ट धरला. लंडनवाल्या जाड्याला म्हणाला, तो लाल झाला आणि म्हणाला, "छे छे, बीफ उत्तम होतं." दारातल्या त्या बाईला म्हणाला. प्रत्येक वेळी ते दोन शब्द जरा सोपे जात होते.

राहिले पॉबजॉय.

जेवणाच्या दालनाचं दार बंद होतं. डेन्झिलने हळूच ढकललं. आतली सगळी टेबलं उचलून झाली होती, पांढरी आच्छादनं काढलेली; फक्त खिडकीजवळचं ते एक तसंच होतं. त्याच्यापासून चार पावलांवर पॉबजॉय उभे होते. हातात काड्यापेटी.

"मिस्टर पॉबजॉय, मला टॅमने सगळं सांगितलं. थँक यू. तुम्ही..."

"हळू, सर," ते म्हणाले. आवाज कुजबुजीएवढा. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"काय झालं?"

"मी असं आधीही केलंय. सव्वीस वर्षांत पुष्कळदा. रविवारी पुष्कळ लोक म्हणतात, येतेय ती, थोडा उशीर होईल. मी वाढतो. आणि शेवटी ताटली जशीच्या तशी आत नेतो. नेहमी. जशीच्या तशी." ते थांबले. "तुम्ही बाहेर गेलात, लोक उठले, मी दार लावून घेतलं. खिडक्या बंद आहेत. मी इथून हललो नाही, सर. फक्त रात्रीच्या जेवणासाठी मेणबत्त्या लावायला... पाठ वळवली. एवढा वेळ."

डेन्झिल पुढे गेला.

वेनाची ताटली तिच्या जागी नव्हती. ती टेबलाच्या या बाजूला आली होती, त्याच्या आपटलेल्या खुर्चीसमोर. खुर्चीही कुणीतरी उचलून सरळ ठेवली होती. करपलेला काप आता अख्खा नव्हता. त्याचे तुकडे केले होते. सारखे, नखाएवढे बारीक तुकडे. चरबीची कड कापून ताटलीच्या काठावर सरकवलेली. बटाटेसुद्धा काट्याने दाबून मऊ केलेले. एकवीस वर्षांच्या माणसाला असं कुणी वाढत नाही. असं वाढतात चार वर्षांच्या पोराला, ज्याला अजून सुरी धरता येत नाही, आणि ज्याची आई नुकतीच घर सोडून गेलीय.

"तुम्ही केलं हे," डेन्झिल म्हणाला.

"नाही, सर."

"टॅमने..."

"ती तुमच्याबरोबर होती."

काड्यापेटीतल्या काड्या बारीक वाजत होत्या.   पण पळून जावंसं त्याला वाटलं नाही. फाटकाला लाथ घालावीशी वाटली नाही. तो खुर्चीत बसला. नॅपकिन मांडीवर घेतला.

"थँक यू," तो पुन्हा म्हणाला, आणि काट्याने पहिला तुकडा उचलला.

बाहेर अंधारून आलं होतं. चार वाजत आले होते. बीफ दीड वाजता वाढलं होतं. तुकडा तोंडात गेला आणि जीभ चटकन भाजली. डोळ्यांत पाणी आलं. त्याने दुसरा तुकडा उचलून तोंडासमोर धरला आणि थांबला. त्याच्यातून वाफ सरळ वर चढत होती.

मग, त्या बंद दालनात, ती वाफ हळूच एका बाजूला कलली. थांबली. पुन्हा कलली. घास तोंडात घालण्याआधी कुणीतरी त्याच्यावर फुंकर घालावी, तशी.